लोकसभेतली बोरतळची विहीर

सौदामिनी नांदेडला स्पर्धा परीक्षेच्या क्लासमध्ये पर्यावरण शिकवायची. मुलांच्या टिपणांसाठी ती संसदेतली प्रश्नोत्तरं नेमानं वाचायची. लातूरला रेल्वेनं पाणी येत होतं, त्या मे महिन्यात एका उत्तरावर तिची नजर अडकली. हवामान बदलाच्या राष्ट्रीय आराखड्यात आपल्या भागातली गावं का नाहीत, असं एका खासदारानं विचारलं होतं. मंत्र्यांचं उत्तर होतं, तिथली भूजल पातळी सुधारते आहे. सोबत मोजलेल्या विहिरींची यादी. तीत बोरतळ, पाणी गेल्या वर्षीपेक्षा दोन मीटर वर.

बोरतळ तिचं माहेर. भूकंपात जुनं गाव पडलं, शेजारी नवं वसलं, विहीर तेवढी टिकली. त्या विहिरीचा तळ दिसतोय, असं आई परवाच फोनवर म्हणाली होती.

कुणीतरी खुर्चीत बसून आकडा भरलाय, याची तिला खात्री वाटली. विहीर मोजायचं काम मुरुडचे गुलाम रसूल करतात, हे आईकडून कळलं. पाण्याच्या मोटारी दुरुस्त करणारा माणूस, भूजल खात्यानं महिन्याच्या मोजणीला नेमलेला. मोजणीच्या दिवशी ती सकाळीच विहिरीवर जाऊन उभी राहिली.

नऊला टँकर आला. पाईप विहिरीत सोडला, पाणी धो धो पडलं, बायांनी दोर टाकले. दहाला गुलाम रसूल सायकलवरून आले आणि त्यांनी टेप खाली सोडला.

"चाचा, हे पाणी टँकरचं आहे."

"ठाऊक हाय."

"मग तसं लिहीत का नाही?"

"कागदावर तारखेचा रकाना हाय, पातळीचा हाय. टँकरचा न्हाई." त्यांनी टेप गुंडाळला. "तू दत्तोपंत गुरुजींची लेक ना? आधी मी सातला येत होतो. मग साहेब म्हणले, दहाला येत जा."

"कोण साहेब? का म्हणाले?"

"विचारलं न्हाई. विचारणाराला काम देतेत का?"

ते खरं बोलतात की स्वतःला वाचवतात, तिला ठरवता येईना. तिनं लेखी मागितलं. आता त्यांनीच तिच्याकडे संशयानं पाहिलं. "तुझं नाव पेपरात येईल. माझं काय?"

ती आईकडे मुक्कामाला थांबली. पण दुसऱ्या दिवशी सातला, टँकरच्या आधी, ते आपणहून दारात आले आणि तिला विहिरीवर घेऊन गेले. त्यांनी टेप सोडला. टेपाचं टोक कोरडंच वर आलं. एकाच कागदावर त्यांनी कालची दहाची आणि आजची सातची, दोन्ही मोजण्या लिहिल्या आणि सही केली. "टेप माझा हाय, आकडाबी माझाच," एवढंच म्हणाले.

कागद घेऊन ती प्रश्न विचारणाऱ्या त्या खासदारांच्या लातूरच्या कार्यालयात गेली. स्वीय सहायकानं तो उलटसुलट पाहिला. "बाई, तुम्ही कोणत्या पक्षाच्या? हे तुम्हाला कुणी लिहायला लावलं?" तासभर बसवून ठेवल्यावर खासदार भेटले. त्यांनी दोनदा वाचलं आणि म्हणाले, "सभागृहात चुकीची माहिती आली असेल तर मंत्र्यांना ती दुरुस्त करावी लागते. मी पत्र देतो." तिला ते खरं वाटलं नाही.

पण पावसाळी अधिवेशनात खरंच दुरुस्तीचं निवेदन आलं. मोजून तीन ओळी. बोरतळची नोंद टँकरचं पाणी सोडल्यानंतरची होती, गावाचा आराखड्यासाठी पुन्हा विचार होईल. दहाची वेळ कुणी ठरवली, याबद्दल अक्षर नव्हतं.

ही बातमी सांगायला ती मुरुडला गेली. गुलाम रसूल दुकानात एक मोटार उघडून बसले होते. तिनं निवेदनाच्या तीन ओळी वाचून दाखवल्या. त्यांची बायको जोहरा दारातच म्हणाली, "मोजणीचं काम गेलं ह्यांचं. दुसरा माणूस लावला."

सौदामिनीला बसवेना. "चाचा, मी खासदारांना पुन्हा भेटते. तुमच्यासाठी..."

"नको. आणखी एक कागद नको." त्यांनी मान वर केली नाही. "गावाचं नाव घेतलं ना दिल्लीत? मग बस झालं."

ते मनापासून म्हणाले की तिला वाटेला लावण्यासाठी, हे तिला कळलं नाही. जोहरानं पाण्याचा तांब्या तिच्यापुढं ठेवला आणि ती आत निघून गेली.