पुढारणीच्या गळ्यातली चाटणवीट

आमच्या आत्याची मेंढी, पुढारीण, इतकी हुशार की रस्त्यावरचे ट्रकसुद्धा तिला वाट विचारून पुढे जात. अख्खा कळप तिच्या मागे चाले. आत्यानं तिला बाटलीनं दूध पाजून वाढवलेली. लग्न माझ्याशी केलं आणि संसार मेंढीशी, असं आतोबा कुरकुरत.

त्या वर्षी कळपाच्या पोटात जंत झाले. औषध पाजलं की चार दिवस बरं, पुन्हा तेच. मग गुरांच्या डॉक्टरीणबाईंनी औषधाच्या जोडीला चाटणवीट दिली. जस्त, कोबाल्ट अशी खनिजं दाबून बनवलेली. ती चाटत राहिलं की जंतांशी झुंजायचं बळ मेंढीच्या अंगातच येतं, गोठ्यात टांगा, म्हणाल्या. पण कळप दिवसभर कुरणात असताना वीट गोठ्यात एकटी बसून काय करणार? आत्यानं विटेच्या मधल्या भोकात दोरी ओवली आणि मोठ्या मानानं पुढारणीच्या गळ्यात बांधली.

कळपाची चंगळ झाली. चालता चालता चाटणं. मेंढ्या अशा माजल्या की राखणीचा कुत्रा रजेवर गेला. जंतांनी तर बिऱ्हाड आवरलं. काही सभ्य जंत जाताना कडी लावून गेले.

पुढारीण मात्र खंगली. जबड्याखाली सूज, पाय लटपटते. म्हातारी झाली, असं ठरवून आतोबांनी खाटकाला निरोप धाडला. आत्यानं त्यांच्याशी बोलणं टाकलं आणि डॉक्टरीणबाईंना फोन लावला.

खाटकाची गाडी आणि बाईंची स्कूटर एकदमच दाराशी आली. बाईंनी एकेका मेंढीची खालची पापणी उलटून पाहिली. लाल, लाल, लालबुंद. पुढारणीची पांढरीफटक. जंतांनी रक्त पिऊन टाकलेलं. चारा तोच, औषध तेच, मग हिलाच काय झालं? तेवढ्यात एक कोकरू आलं आणि पुढारणीच्या गळ्यातली वीट मजेत चाटू लागलं.

बाई मटकन खाली बसल्या, हसू आवरेना. "काकू, स्वतःच्या गळ्याला हिची जीभ पोचते का?"

आत्यानं जीभ बाहेर काढून मान वाकवून पाहिली. मग आतोबांनी. मग खाटकानं. कुणाचीच पोचेना.

गाठ इतकी घट्ट की सुटेना. "सरका, ताई," खाटीक म्हणाला, आणि त्यानं आपल्या सुरीनं दोरी कापली. आत्यानं वीट पुढे धरताच पुढारीण अशी तुटून पडली की आत्याची बांगडीही चाटून लख्ख झाली. खाटीक रिकामी गाडी घेऊन हसत गेला.

औषधाची नवी मात्रा, रोजची वीट, आणि हळूहळू पापणी गुलाबी झाली. पहिली धडक आतोबांनाच बसली.

वीट आता गोठ्यात टांगलेली आहे. आत्या रोज सकाळी पुढारणीची पापणी उलटून बघते, आणि मग आतोबांची.