नॅथॅनिएलसाठी बसायचं राहिलं

दिनाला चालण्याची आवड अशी कधीच नव्हती. लग्नानंतरचा सगळा जन्म लंडनमध्ये गेला, पण तिचं चालणं म्हणजे घरापासून बस स्टॉपपर्यंत आणि सुपरमार्केटात ट्रॉलीमागे, संपलं. आणि आता सत्तरी उलटल्यावर ही बाई स्कॉटलंडजवळच्या शेटलंडच्या पार वरच्या टोकाच्या बेटावर, पायात लेकीचे बूट, कानाला मफलर आणि हातात काठी घेऊन ओल्या गवतातून निघाली होती! पुढे गाइड इंगा, मागे गळ्यात दुर्बिणी अडकवलेली हौशी मंडळी, आणि सगळ्यात शेवटी दिना आणि तिचा नवरा निसीम. मंडळी पफिन पक्षी बघायला आली होती. दिना मुलाला शोधायला आली होती.

नॅथॅनिएल तिचा धाकटा. बेसिंगस्टोकला कॉम्प्युटरची चांगली नोकरी होती त्याला. ती सोडून पठ्ठ्या इथे येऊन राहिला. लोकांना बेटावर हिंडवायचं, पक्षी दाखवायचे, संध्याकाळी सुखरूप परत आणायचं, हे काम! दिनाने तेव्हा कपाळ बडवून घेतलं. "अरे, पक्षी काय आपल्या खिडकीत येत नाहीत?" तर तो नुसता हसायचा. "हे नाहीत येत गं, मम्मी." गेल्या सप्टेंबरात असाच एक ग्रुप घेऊन तो या कड्यावर आला आणि सगळ्यांच्या डोळ्यांदेखत खाली गेला. लाइफबोट आली, कोस्टगार्डचं हेलिकॉप्टर आलं, कोळ्यांनी होड्या काढल्या. समुद्राने काही त्याला परत दिलं नाही.

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर दिनाचा हट्ट कळायचा नाही. ही मंडळी बेने इस्राएल, म्हणजे आपली मराठी बोलणारी यहुदी माणसं. निसीम मुंबईचा, दिना ठाण्याची. त्यांच्यात माणूस गेलं की दफन करायचं, अंगावरचा कपडा गळ्यापाशी फाडायचा आणि सात दिवस घरात जमिनीवर बसायचं. लोक येतात, जेवण आणतात, गेलेल्याबद्दल बोलतात. सातव्या दिवशी सकाळी उठायचं. पण दफन करायला देहच नसेल तर? सिनगॉगमधले आशेरकाका म्हातारे, जाणकार. त्यांनी समजावून सांगितलं: देह सापडेल ही आशा घरची माणसं ज्या दिवशी सोडतात, तो पहिला दिवस. तिथून सात मोजायचे.

"म्हणजे मी सोडली म्हणायचं?" दिनाने विचारलं होतं.

"घरच्यांनी, बेटा. तुम्ही सगळ्यांनी."

"मग बसा वाट बघत," दिना म्हणाली आणि त्यांच्यासाठी चहा टाकायला आत गेली.

झालं. त्या दिवसापासून त्या घरात 'गेला' हा शब्द कुणी काढला नाही. 'सापडला नाही' एवढंच म्हणायचं. निसीमने पहिल्याच आठवड्यात आशा सोडली होती, लेकीने, अयेलेतने, थोड्या दिवसांनी. पण आईचं नाव आलं की दोघांची बोलती बंद. दिनाने एलियाहू हन्नाबीला, म्हणजे त्यांच्या पैगंबराला, मलिद्याचा नवस बोलला होता. पोरगा सापडू दे, भिजवलेले पोहे, गूळ, ओलं खोबरं, पाच फळं, यथासांग करीन. नवस बोललेली बाई आशा कशी सोडेल हो? म्हणजे रडायचं पण नाही आणि हसायचं पण नाही. घरातले सगळे नुसते अधांतरी लटकलेले.

निसीमचं हृदय आधीच कामातून गेलेलं. निघताना अयेलेत स्टेशनवर आईच्या कानाशी लागली. "मम्मी, डॅडीचा तब्येत बघ हां. तो बोलत नाही, पण त्याला थांबवत नाही आता." तिचं मराठी असंच लंगडतं, पण म्हणणं बरोबर होतं. आणि आज सकाळी गेस्टहाउसमध्ये बुटाची नाडी बांधता बांधता निसीमने विषय काढलाच.

"दिना, तुम्ही सगळे माझ्यासाठी बसायच्या आधी मला त्याच्यासाठी बसायचंय. एवढंच मागतो."

"सकाळी सकाळी काय अभद्र बोलताय!" दिना खेकसली. "ती गोळी घ्या आधी."

त्याने निमूट गोळी घेतली. दिनाला वाईट वाटलं, पण ती वाईट वाटून घेऊन थांबणारी बाई नव्हे.

वाट माळरानातून वर चढत होती. दलदलीवर लाकडी फळ्या टाकलेल्या, दोन्ही बाजूंना पांढऱ्या कापसासारखी फुलं वाऱ्याने आडवी झालेली. मध्येच इंगा थांबायची, सगळ्यांची डोकी मोजायची, मग पुढे. पंचविशीतली पोर, गालावर ऊन-वाऱ्याने आलेले लाल चट्टे. नॅथॅनिएलबरोबर ती दोन वर्षं काम करत होती आणि त्या दिवशी ती इथेच होती. हे दोघं कोण ते तिला ठाऊक होतं, बाकी कुणाला नव्हतं. दिनानेच तशी ताकीद दिली होती. मला कुणाची कीव नको, म्हणाली.

"काठ्या डोक्याच्या वर धरा," इंगाने सांगितलं. "इथे बॉन्क्सीची घरटी आहेत."

बॉन्क्सी म्हणजे घारीएवढा एक तपकिरी दांडगट पक्षी. घरट्याजवळ गेलं की सरळ टाळक्यावर झेप घेतो. एकाने नेमकं निसीमला हेरलं. सूं करून आला आणि टोपी उडवून गेला.

"तुझ्या माहेरचा दिसतोय," निसीम टोपी उचलत म्हणाला.

दिनाला हसू आलं. कितीतरी महिन्यांनी आलं, आणि आलं तसं तिने ते गिळून टाकलं. घरट्याजवळ कुणी आलं की आई-बाप असेच तुटून पडतात, इंगा कुणाला तरी सांगत होती. दिना तोवर काठाकडे गेली होती. इंगाच्या दुर्बिणीतून ती एकेक घळ, एकेक खडक, फेस साचलेला एकेक कोपरा बघायची. कुठे काही रंगीत दिसलं की काठी टेकून पुढे वाकायची. तो मासेमारीच्या जाळ्याचा तुकडा निघायचा, नाहीतर प्लॅस्टिकचा कॅन. इंगा ग्रुपला थांबवून धरायची, "घाई नाही, घाई नाही," म्हणायची. लोक आपले पफिनचे फोटो काढण्यात दंग. चोच रंगवलेले ते बुटके पक्षी तोंडात मासे धरून बिळात शिरत होते आणि सगळे कौतुकाने चित्कारत होते.

शेवटी कडा आला. बाई गं, काय ते दृश्य! समोरचे सुळके बर्फ पडल्यासारखे पांढरे, आणि ते बर्फ नव्हतंच, नुसते पक्षी. गॅनेट. हजारोंनी बसलेले, हजारोंनी उडणारे, पंख मिटून समुद्रात सूर मारणारे. कलकलाट असा की शेजारच्याचं ऐकू येईना, आणि नाकाला झोंबणारा कुजक्या मासळीचा वास. ह्याच्यासाठी नोकरी सोडली ह्याने, दिनाच्या मनात आलं. तिला राग आला आणि त्याच दमात कळलंही, की आपण त्याच्या वयाच्या असतो तर कदाचित आपणही सोडली असती.

सगळ्यांनी काठापासून लांब गवतात बैठक मारली. फ्लास्क निघाले, सँडविचेस निघाली. निळी टोपी घातलेले एडिनबराचे एक निवृत्त गृहस्थ होते. माणूस वाईट नव्हता, पण जीभ सैल. त्यांनी इंगाला विचारलं, "काय गं, इथून कधी कुणी पडलं बिडलंय का?"

इंगाच्या हातातला कप तसाच राहिला. "गेल्या वर्षी," ती म्हणाली. "आमचाच एक गाइड."

"गाइड? मग कमाल आहे! लोकांना काठापासून लांब राहा म्हणून सांगायचं आणि स्वतः जायचं. फाजील आत्मविश्वास, दुसरं काय. निष्काळजीपणाच म्हणायचा तो."

इंगाने कप गवतात ठेवला. आणि दिना उठली. गुडघे धरून नेहमी तीन प्रयत्नांत उठणारी बाई एका झटक्यात उठली.

"निष्काळजी नव्हता तो," ती इंग्रजीत कडाडली. "एक पक्षी दोरीत अडकला होता त्या उतारावर. पंख आवळलेला, फडफडत होता. लोकांना त्याने मागे बसवलं, एकेकाला मोजून बसवलं आणि मग एकटा गेला. दोरी कापली. पक्षी उडाला, आणि त्याच्या पायाखालची माती गेली. ह्या मुलीने बघितलंय. असं पुन्हा बोलू नका त्याच्याबद्दल. माझा मुलगा होता तो. तो मेलाय."

त्या गृहस्थांनी टोपी काढली, "आय ॲम सो सॉरी, आय ॲम सो सॉरी," म्हणत राहिले. दिनाला त्यांचं काही ऐकू गेलं नाही. तिला आपलाच शेवटचा शब्द ऐकू येत होता.

निसीम मागे उभा होता. त्याने जाकिटाची चेन खाली ओढली आणि शर्टाची उजवी बाजू दोन्ही हातांनी धरून ताणली. कापड काही फाटेना. बोटांत जोर कुठे होता? इंगाला काय समजलं कुणास ठाऊक, तिने खिशातला चाकू उघडून त्याच्यापुढे धरला. दोऱ्या कापायला हे सगळे गाइड चाकू बाळगतात. निसीमने शर्टाला चीर दिली, चाकू परत दिला आणि उरलेलं हाताने फाडलं. मरण कळल्यावर म्हणायची हिब्रू प्रार्थना त्याने म्हटली. दहा महिने तोंडात धरून ठेवलेली, एका श्वासात संपली.

"मी तसं म्हटलं नाही," दिना मराठीत म्हणाली. "अहो, मला तसं म्हणायचं नव्हतं. तो माणूस काहीबाही बोलत होता म्हणून..."

निसीमने तिच्याकडे बघितलं. डोळे पाण्याने भरलेले, पण आवाज शांत होता.

"बरं. नाही म्हटलंस."

"शर्टाचं काय?"

"शिवेन घरी गेल्यावर. शर्टच आहे." तो चेन वर ओढायला लागला. चेन दात्यांत बसेना. नखं निळी पडली होती. "तू तयार नसशील तर नाही, दिना. मी थांबतो."

दिना त्याच्या बोटांकडे बघत राहिली. आयुष्यभर ह्या माणसाने तिच्यासाठी थांबायचंच काम केलं होतं. मुलासाठी रडायलासुद्धा तो तिच्या परवानगीसाठी थांबला होता. मग तिने समुद्राकडे बघितलं, दुर्बिणीशिवाय, एकदाच. तिथे कुणी नव्हतं.

"चेन नका लावू," ती म्हणाली. "इंगा, दे तो चाकू."

तिने कुर्त्याच्या गळ्याला चीर दिली आणि फाडलं. वाऱ्यात आवाजही आला नाही. बोटं बधिर झाली होती, तरी तिने हवं तेवढं फाडलं. मग तिने निसीमचा हात धरला आणि दोघं हळूहळू, एकमेकांना सावरत, ओल्या गवतात बसली. इंगाने बाकीच्यांना जरा लांब नेलं आणि स्वतः परत येऊन त्यांच्या पायाशी बसली.

दिनाने काठी बाजूला गवतात ठेवली.

"आज वार कोणता?" दिनाने विचारलं.

"मंगळवार."

तिने बोटांवर मोजलं. अंगठा सरकत सरकत गेला आणि थांबला.

"म्हणजे सोमवारी सकाळी उठायचं?"

"हो."

"इतक्या लवकर?" दिना म्हणाली, आणि तिने निसीमच्या फाटक्या शर्टात तोंड खुपसून हंबरडा फोडला.