सगीराला पाठ झालेला परिच्छेद

मी वाचन तपासणीचं कार्ड बोलतोय. जाड पुठ्ठा, वर प्लॅस्टिकचं आवरण. एका बाजूला मोठी अक्षरं आणि सोपे शब्द; दुसऱ्या बाजूला चार ओळी: 'माझी मावशी पिशोरला राहते. तिच्या दारात शेवगा आहे. यंदा खूप शेंगा आल्या. मावशीने त्या शेजारणींना वाटल्या.'

गारखेड्यातल्या एका समाजमंदिरात माझे दिवस गेले. शाळा अर्ध्यावर सुटलेल्या मुलामुलींचा दुपारचा वर्ग तिथं भरायचा. कोण कुठवर वाचतं ते बघून गट ठरवायचा आणि राहिलेल्या इयत्ता वर्ष-दीड वर्षात भरून काढायच्या. तपासणी घ्यायच्या द्वारकाबाई, निवृत्त शिक्षिका. मिसरूड फुटलेली पोरंसुद्धा मला हातात धरलं की घामेजून जात. मला वाईट वाटे.

एका जूनमध्ये सगीरा आली. सतरा वर्षांची. तिसरीत असताना आई आजारी पडली आणि शाळा सुटली. तेव्हापासून घरी बसून साड्यांना फॉल लावायची. नंबर येईपर्यंत ती दाराशीच बसली होती. तिच्या आधी नऊ जणांनी मला मोठ्यानं वाचलं.

तिनं मला घेतलं आणि चारही ओळी धडाधड म्हटल्या. कुठंच अडखळली नाही. द्वारकाबाई खूश झाल्या, त्यांनी वहीवर पेन टेकवलं. पण मला कळलं होतं. अर्धी दुसरी ओळ सगीराच्या अंगठ्याखाली झाकलेली होती.

मला तोंड असतं, तरी मी ते सांगितलं नसतं.

द्वारकाबाईंच्याही ते ध्यानात आलं असावं. त्यांनी 'यंदा'वर बोट ठेवलं. "हा कोणता शब्द गं?"

सगीरा पहिल्या ओळीपासून पुटपुटत, शब्द मोजत आली. मध्येच चुकली.

"बाई, खालच्या गटात नका टाकू," ती रडवेली झाली. "तिथं दहा-दहा वर्षांची लेकरं हायेत. अब्बा बोलले, बच्च्यांसंगं बसायचं असेल तर घरीच बस. लई मुश्किलीनं हो बोललेत."

"खोटं लिहिलं तर वरच्या गटात तुला काहीच कळायचं नाय. महिन्याभरात तूच वर्ग सोडशील." बाईंनी वहीत 'अक्षर पातळी' लिहिलं.

सगीरा ओढणीनं डोळे पुसत उठली.

"बस खाली. नऊ जणांचं नुसतं ऐकून पाठ केलंस?"

"व्हय."

"माझ्या चाळीस वर्षांच्या नोकरीत असं कुणी केलं नाय. उद्यापासून तासभर आधी ये, तुला एकटीला शिकवते. अब्बांशी मी बोलते."

अब्बांनी बाईंचं ऐकलं. पुढचे सहा महिने मी त्या दोघींच्या मध्ये पडून होतो. तोंडी पाठ असलेला एकेक शब्द सगीरा माझ्यावर बोट ठेवून जुळवायची. 'मावशी'तला 'म' ओळखू आला, तेव्हा तिनं मला उलटं करून मोठ्या अक्षरांतही तो शोधला. दोनदा रागानं फरशीवर आपटलं; माझा एक कोपरा त्यातच दुमडला. लग्नसराईत फॉलचं काम वाढलं आणि ती बारा दिवस आलीच नाही. द्वारकाबाई तिच्या घरी जाऊन तिला घेऊन आल्या.

डिसेंबरात बाईंनी मला कपाटात ठेवलं आणि नवं कार्ड काढलं. तेव्हापासून मी इथंच आहे. तक्रार नाही; वर्गाला पाठ झालेलं कार्ड काय कामाचं? तपासणी घेणाऱ्यांनो, एवढंच मागणं आहे: पोरं खोटं का बोलतात, तेही जरा विचारत जा.

सगीराची ती दुसरी तपासणी मी कपाटाच्या फटीतून पाहिली.

"वि... विहि... विहिरी... विहिरीवर," ती वाचत होती. चार ओळींना तीन मिनिटं लागली. द्वारकाबाईंनी घड्याळाकडे पाहिलंही नाही. मग त्यांनी मधल्याच शब्दांवर बोट ठेवलं, एकदा, दोनदा, पाच वेळा. प्रत्येक शब्द बरोबर आला.

सगीरानं शेवटच्या ओळीवरून पुन्हा एकदा बोट फिरवलं.

"बाई," ती म्हणाली, "ही गोष्ट मला कुणीच सांगितली नव्हती."