आखाजीला उघडलेली कडी

मी कडी. धुळ्यातल्या एका दोन खोल्यांच्या घराच्या दाराला आतून बसवलेली. कुणाला अडवण्याइतकी मी भक्कम आहे का, ही शंका मला पहिल्यापासूनच आहे.

नूतन लेकीला घेऊन रावेरहून माहेरी, आई कुंदाबाईंकडे आली, तेव्हा तिनं मला बसवून घेतलं. नवरा, हितेंद्र, मारायचा. त्यानं या घराकडे फिरकायचं नाही, असा कोर्टाचा आदेश होता. तरी नूतन मला लावायची, ओढून बघायची, पुन्हा येऊन बघायची. "वेडी झालेय मी," असं पुटपुटायची. मला वाटायचं, आदेश त्याच्यावर आणि कोंडलेल्या आपण कशा?

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, हितेंद्र आंब्यांची पेटी घेऊन दारात उभा राहिला.

"आई, उघडू नकोस!" नूतन स्वयंपाकघरातून ओरडली.

"जवाई शे ना बाई. सनना दिन, बठ्ठी गल्ली देखी ऱ्हायनी," म्हणत कुंदाबाईंनी मला सरकवलं. जावयाला सणाच्या दिवशी, सगळ्या गल्लीदेखत उंबऱ्याबाहेर कसं ठेवायचं? त्यांनी खापरावरची पुरणपोळी वाढली. तो पोटभर जेवला, हात धुतले, आणि त्याच हातांनी नूतनचे केस धरून तिला दारापर्यंत फरफटत आणलं. मी उघडीच होते. नुसती वाजत राहिले. शेजारी धावले म्हणून ती वाचली.

पुढचं कोर्टातलं सगळं मी घरात बसून ऐकलं.

"वकीलनी इचारं, कडी कोनी उघाडी? सांगी टाकं, मी!" कुंदाबाई डोळे पुसत होत्या.

"घरात घेतलं म्हणून आलो, नुसत्या दंडावर सोडा, म्हणत होता तो," नूतन म्हणाली. "पण जजसाहेबांनी ऐकलं नाही. आदेश त्याच्यावर आहे, सासूनं दार उघडलं म्हणून आदेश रद्द होत नाही, म्हणाले. तीन महिने कैद."

त्या दुपारी दार सताड उघडं राहिलं. मी निवांत लोंबकळत होते. मग वकीलबाईंचा फोन आला. त्यानं अपील करायचं ठरवलंय, तोवर शिक्षा थांबली, जामीन मिळाला.

नूतन उठली. मला लावलं, ओढून बघितलं.

आता कुंदाबाई "कोन शे?" विचारल्याशिवाय मला हात लावत नाहीत. आणि छोटी पलक स्टूल ओढून माझ्यापर्यंत पोचायला शिकलीय. आईसारखीच मला ओढून बघते.

पोरी, मला उघडायलाही शीक गं. बाहेर तुझ्या मैत्रिणी लंगडी खेळतायत.