सात नंबरखालचे अकरा

“काका, पाय खाली टेकवू नका! तसेच थांबा!”

नजरकाका एका पायावर थांबले. वय अठ्ठावन्न, अंगात जाड जाकीट, गळ्यात दुर्बीण, आणि भर माळावर बगळ्यासारखे उभे. त्यांच्या बुटापासून वीतभर अंतरावर, वाळक्या गवतात अंगठ्याएवढं वटवाघूळ पालथं पडलं होतं. त्याच्यासमोर एक काळी कुत्री ताठ बसली होती.

“शाब्बास, मैना!” पट्टा धरलेली पोरगी म्हणाली.

काकांनी पाय मागे घेतला. मिनिटभरापूर्वीच त्यांनी गवताची ही पट्टी नजरेखालून घातली होती आणि “इकडे काही नाही” असं जाहीर केलं होतं. मनातल्या मनात म्हटलं असतं तर निभावलं असतं. पण ते मोठ्याने म्हटलं होतं, आणि मागे उभ्या असलेल्या कंपनीच्या मॅडमनी ते ऐकलं होतं.

नऊ वर्षं काकांचं काम एकच. कंपनीच्या चोवीस पवनचक्क्या त्या पठारावर फिरत, आणि पात्यांचा फटका बसून कधी पक्षी, कधी वटवाघूळ खाली पडे. वाऱ्यावर वीज करायची तर त्या वाऱ्यात राहणाऱ्यांची काळजीही आपणच घेतली पाहिजे, असं कंपनीचं म्हणणं. म्हणून काकांनी रोज चार चक्क्यांखालचं गवत पायाखाली घालायचं, मेलेला जीव दिसला की फोटो काढायचा, जागा टिपायची आणि तो पिशवीत घालून पर्यावरण विभागाच्या मॅडमकडे द्यायचा. हंगामाआधीच्या दोन महिन्यांत एखाद्या चक्कीखाली दहाच्या वर जीव सापडले, तर पक्ष्यांच्या येण्याजाण्याच्या दिवसांत ती चक्की संध्याकाळी दोन तास थांबवत. सात नंबर दरवर्षी थांबायची, ती काकांच्या आकड्यांमुळे. हे ते कुणी न विचारताही सांगत.

त्यांच्या नजरेचा दबदबाच होता. चालता चालता दहा पावलांवरचं चंडोलाचं पीस ते ओळखत. खरं नाव केवळ ओळखपत्रापुरतं उरलं होतं. कंपनीपासून दुकानदारापर्यंत सगळ्यांचे ते नजरकाका. कंपनीच्या पुस्तिकेत पर्यावरणाच्या पानावर दरवर्षी त्यांचाच फोटो: दुर्बीण डोळ्यांना, तोंड क्षितिजाकडे. मेलेले पक्षी जमिनीवर शोधायचे असतात, क्षितिजावर नव्हे. पण फोटो झकास आला होता.

यंदा त्या पानावर कुत्री होती. जीभ बाहेर काढून.

मेलेले जीव वासावर शोधून त्यांच्यापुढे ताठ बसणारी मैना, तिला सांभाळणाऱ्या त्या पोरीसह, दोन महिन्यांच्या करारावर आली होती. कुत्रीला पक्ष्याचं नाव ठेवणाऱ्यांकडून काय होणार, असं म्हणून काकांनी पहिल्या दिवशीच तिला निकालात काढलं. मग परीक्षा झाली. मॅडम पहाटे जाऊन पायाला लाल दोरा बांधलेले वीस मेलेले पक्षी गवतात ठेवून आल्या, आणि शोधणाऱ्यांना त्यातले किती सापडतात ते पाहिलं. काकांना नऊ सापडले. मैनाला एकोणीस.

“वारं तिच्या बाजूने होतं,” काका म्हणाले.

“वारं दोघांनाही सारखंच होतं, काका,” मॅडम हसून म्हणाल्या. ते हसणं काकांना चार दिवस टोचत राहिलं.

घरी तरी सुख असावं, तर तेही नाही.

“अहो, ती कुत्री म्हणे भारी शहाणी आहे,” बायको ताट वाढता वाढता म्हणाली. “काल दुकानापाशी मी बिस्कीट दिलं, तर आधी त्या पोरीच्या तोंडाकडे बघितलं. ती हो म्हणाली, मगच खाल्लं.”

“मी नऊ वर्षं उन्हातान्हात हिंडतोय. मला कधी दिलंस बिस्कीट?”

“तुम्ही कधी माझ्या तोंडाकडे बघून खाल्लंत?” ती हसली, मग आवाज उतरवून म्हणाली, “कंपनीचं डोळ्यांचं शिबिर लागलंय शाळेत. जाऊन या ना. मागच्या वर्षी माझा मोतीबिंदू काढला, आता एका झटक्यात सुई ओवतेय मी. तुम्ही काल मीठ समजून साखर घेतलीत.”

“माझ्या डोळ्यांना धाड भरलेली नाही!”

नजरकाका, आणि डोळ्यांच्या शिबिराच्या रांगेत! त्यापेक्षा जन्मभर साखरेचं जेवण परवडलं. दुसऱ्या दिवशी शाळेवरून जाताना त्यांनी दुर्बीण मुद्दाम जाकिटाबाहेर काढली आणि रांगेतल्या लोकांसमोरून छाती पुढे काढून गेले.

खरं सांगायचं तर त्यांचा नुसता जळफळाट चालला होता. माणसाचा हेवा वाटला तर चारचौघांत त्याच्या नावाने बोटं मोडून मोकळं तरी होता येतं. कुत्रीवर जळतोय हे सांगायचं कुणाला? सकाळी दात घासताना, दुपारी डबा उघडताना, अंथरुणावर पाठ टेकताना त्यांच्या डोळ्यांपुढे ती ताठ बसलेली दिसायची, आणि सगळ्यांच्या तोंडचं ते “शाब्बास” ऐकू यायचं.

त्यात मॅडमनी वाटणी केली. सम आकड्यांच्या चक्क्या काकांकडे, विषम मैनाकडे.

“म्हणजे माझी सात नंबर हिला?”

“काका, सगळ्या चक्क्या कंपनीच्याच आहेत. दोन महिने आकडे बघू, मग पुढचं ठरवू.”

पोरगी आणि मैना सात नंबरला सकाळी आठला येत. काका सहाला गेले. नुसतं बघायला, असं त्यांनी स्वतःला बजावलं. तो उतार त्यांना पाठ होता. कुठलं वारं सुटलं की जीव कुठे पडतो हे तिथे त्यांच्या डोळ्यांपेक्षा पायांना जास्त कळे. दोन पाकोळ्या आणि एक होला, असे तीन पक्षी सापडले. हातात घेतल्यावर मात्र हात थांबेना. तिन्ही त्यांनी डब्याच्या पिशवीत घातले, शोधायच्या हद्दीबाहेर ओढ्याकाठी खुरप्याने खड्डा करून पुरले, वर चपटा दगड ठेवला. त्या दिवशी मैनाला काही सापडलं नाही आणि काकांना दुपारी छान झोप लागली.

मग त्यांना ती सवयच लागली.

मैना मात्र मागे उरलेल्या वासावर रिकाम्या जागी बसू लागली. गवतात काही नाही, आणि ही बसलेली. पोरगी गुडघे टेकून काडी न् काडी बाजूला करून बघायची. “नाही गं इथे काही. ऊठ. खोटं नाही बसायचं!” मैना उठायची, घुटमळायची, पुन्हा तिथेच बसायची. बोलणी खाऊन खाऊन ती बाकीच्या चक्क्यांखालीही बसायला बिचकू लागली. असली कुत्री एकदा खोटं बसायला लागली की तिचं काम संपलं, असं पोरगी मॅडमना रडवेल्या आवाजात सांगत होती, तेव्हा काका पलीकडे चहा पीत होते. बऱ्याच दिवसांनी त्यांना तो चहा गोड लागला.

एकदाच पंचाईत झाली. उशीर झाल्यामुळे ओढ्याकडे जायला जमलं नाही आणि पिशवी खांद्यालाच राहिली. मैना लांबून सरळ चालत आली, त्यांच्यासमोर बसली आणि पिशवीकडे बघत राहिली.

“अगंबाई, आता काकांपुढे बसायला लागली!” पोरगी कपाळाला हात लावत म्हणाली. “काय आणलंय काका डब्यात?”

“अंडी,” काका म्हणाले.

“मैना, चल! काय झालंय गं तुला?” तिने पट्ट्याला हिसका दिला. मैना गेली, पण जाता जाता दोनदा मान वळवून तिने काकांकडे पाहिलं. बरोबर उत्तर देऊनही आपल्याला का रागावतात, एवढंच तिला कळत नव्हतं. त्या दिवशी काकांनी डबा तसाच घरी परत नेला. तरी दोन दिवसांनी सहाला ते पुन्हा सात नंबरला होते.

करार संपायला आठवडा उरला तेव्हा मॅडमनी सगळ्यांना पत्र्याच्या ऑफिसात बोलावलं. कंट्रोल रूमचा इंजिनियरही आला होता. मैना टेबलाखाली हनुवटी टेकून पडली होती.

“सात नंबरखाली सात आठवड्यांत दोन,” मॅडम कागद बघत म्हणाल्या. “दोन्ही वटवाघळं. पक्षी एकही नाही.”

“मग यंदा थांबवायची गरजच नाही,” इंजिनियर म्हणाला. “सोमवारी हंगाम सुरू झाला तरी संध्याकाळी फिरती ठेवतो.”

“पाकोळ्यांचे थवे येत्या आठवड्यात उतरतील. मला बरं वाटत नाहीये. पण आकडा दोन आहे, त्यापुढे मी काय बोलणार?”

“आकडा चुकलाही असेल,” पोरगी खालमानेने म्हणाली. “मैनाचं नाक गेलंय बहुतेक. मी तिला प्रशिक्षण केंद्रात परत पाठवतेय. तिथून पुढे कुठे पाठवतील... दुसरं काम तिला येत नाही.”

मॅडम काकांकडे वळल्या. “काका, माफ करा. मी तुमच्यावरच भरवसा ठेवायला हवा होता. पुढच्या महिन्यापासून चोवीसच्या चोवीस पुन्हा तुमच्याकडे.”

झालं. दोन महिने ज्यासाठी जीव टाकला ते आयतं ताटात येऊन पडलं होतं. नुसतं मान हलवायचं काम होतं. काकांनी मान हलवायला घेतली, आणि त्यांना सोमवारची संध्याकाळ दिसली. नऊ वर्षांत त्यांच्या हाती मेलेलेच पक्षी आले होते, पण जिवंत थवा कुठून येतो, कुठे वळतो, हे त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. ओढ्यावरून वर, आणि सरळ सात नंबरच्या पात्यांत.

“दोन नाहीत,” ते म्हणाले. “आणखी अकरा आहेत.”

“कुठे?”

“ओढ्याकाठी. पुरलेत मी. ही यायच्या आधी जाऊन उचलायचो.”

मॅडमनी हातातला कागद खाली ठेवला.

“का, काका?” मॅडमनी विचारलं.

“हिला सापडू नयेत म्हणून.” काकांनी टेबलाखाली बोट दाखवलं. साठीला आलेल्या माणसाने चारचौघांत कुत्रीकडे बोट दाखवून हे बोलायचं! इंजिनियरला हसू फुटत होतं, पण मॅडमचा चेहरा बघून त्याने ते गिळलं.

पोरगी हसली नाही. “सात आठवडे मी हिला रागावतेय,” ती म्हणाली. मग टेबलाखाली वाकून तिने मैनाचं डोकं दोन्ही हातांत धरलं. “चुकलं गं माझं. माझंच चुकलं.” तिने आपल्याला दोन थोबाडीत दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं काकांना वाटलं. लाजेने त्यांचे कान तापले होते.

“सात नंबर थांबेल,” मॅडम इंजिनियरला म्हणाल्या. काकांकडे मात्र त्यांनी बघितलं नाही. “तुम्ही सोमवारपासून फील्डवर येऊ नका. पुढचं मी वर विचारते. आत्ता चला, जागा दाखवा.”

ओढ्याकाठी काकांनी दगड बाजूला केले. रबरी मोजे घातलेली पोरगी एकेक पक्षी काढून मांडत होती. मॅडमनी नोंदवही काकांच्याच हातात दिली, कारण तारखा सांगणारं दुसरं कुणी नव्हतं. अकराच्या अकरा तारखा त्यांना तोंडपाठ होत्या. कुठली पाकोळी कुठल्या वाऱ्याची, तेही. त्यांनी ते सगळं वळणदार अक्षरात लिहिलं आणि ‘शोधणारा’ या रकान्यात अकरा वेळा स्वतःचं नाव घातलं. चोराने स्वतःच पंचनामा लिहावा तसं ते काम होतं.

तेवढ्यात मैना चार पावलं बाजूला गेली, थबकली, आणि अर्धवट बसली. उठू की बसू, अशा डोळ्यांनी पोरीकडे बघत.

“मैना, नाही...” पोरीच्या तोंडून सवयीने निघालं. मग तिने जीभ चावली आणि गवत बाजूला केलं. खाली पाकोळी होती. ताजी, आजचीच.

“ही पण तुमचीच का, काका?” मॅडमनी विचारलं.

हो म्हणायला काहीच लागत नव्हतं. अकरा लपवणाऱ्याला बारावी काय जड होती? बारा चोरल्या म्हणून लिहिलं गेलं असतं, पण एक दिसलीच नाही असं तर कुणी म्हटलं नसतं. चोर ठरणं एक वेळ सोसलं असतं त्यांनी.

“नाही,” काका म्हणाले. “ही मला दिसली नाही. सकाळचा पक्षी पुरून हात पुसायला मी इथेच बसलो होतो.”

आणि त्यांनी बाराव्या ओळीत, ‘शोधणारा’ या रकान्यात लिहिलं: मैना. उद्या कुणी वही उघडली तर मेलेला पक्षी कोण आणि शोधणारा कोण, याचा त्याला उलगडा होणार नव्हता. म्हणून त्यांनी पुढे ‘कुत्री’ असंही लिहिलं.

पोरीचे दोन्ही हात पक्ष्यांत अडकले होते. मैना अजून वाट बघत होती.

“काका, तिला लगेच चेंडू द्यावा लागतो,” पोरगी त्यांच्याकडे न बघता म्हणाली. “जीव सापडला की चेंडू, तेवढीच तिची मजुरी. माझ्या पिशवीत वरच आहे. फेका.”

काकांनी चेंडू काढला. दातांच्या खुणा पडलेला, ओलसर, मळका. मैना त्यांच्यासमोर आली आणि थेट त्यांच्या तोंडाकडे बघू लागली. काकांनी हात मागे नेला आणि अंगातला सगळा जोर लावून चेंडू उतारावर भिरकावला.

मैना सुटली. काका मान उंच करून, डोळे बारीक करून बघत राहिले. गवत हलत होतं, एवढंच कळत होतं.

“कुठे पडला गं?” त्यांनी पोरीला विचारलं.