होक्काइदोला गेलेलं कुटुंब

नुपूरने दोन पानं एकदम उलटली आणि ती पुढे वाचत राहिली. जपानच्या उत्तरेला, होक्काइदोच्या जंगलात झाडं तोडून शेत करायला गेलेलं पुस्तकातलं कुटुंब आता बटाटे लावत होतं.

"आई, तू एक पान सोडलंस," ओवी म्हणाली.

टोकियोत, निशी-कसाईतल्या त्यांच्या इमारतीच्या तळमजल्यावर दर शनिवारी सकाळी मराठी घरांतली पाचसहा मुलं जमत. एकेक आई आळीपाळीने वाचनालयातलं जपानी पुस्तक घेऊन मराठीत गोष्ट सांगे. आज रेखा सांगणार होती. तिला ताप आला म्हणून काल ती पुस्तक नुपूरकडे देऊन गेली. नुपूरने ते ठेवून घेतलं. नको म्हणायलाही काही लागतं, ते तिच्यापाशी नव्हतं.

"चिकटली असतील पानं."

"नाही चिकटली."

पाच वर्षांच्या ओवीला जपानी हिरागाना लिपी वाचता येत होती. तिने पान मागे उलटलं. बर्फ, एक पांढरं झाड, त्याखाली मातीचा लहानसा उंचवटा, भोवती घरातली माणसं. ओळीवरून बोट फिरवत तिने इतरांना सांगितलं,

"हिवाळ्यात त्यांचं अकाचान गेलं. छोटं बाळ. मग त्याला झाडाखाली ठेवलं."

"कुठे गेलं?" एका मुलीने विचारलं.

"मेलं. आमचं पण मेलं."

जानेवारीत, आठव्या महिन्यात, नुपूरचं बाळ पोटातच हलायचं थांबलं होतं. ओवीला सांगितलं होतं की बाळ डॉक्टरांकडेच राहिलं. पुढचं सगळं तिच्या नवऱ्याने, हरीशने केलं. नुपूर तेव्हा हॉस्पिटलमध्ये होती. ओवीला रेखाकडे ठेवलं होतं, असं तो म्हणाला. तिने त्यावर काहीच विचारलं नाही. घरी आल्यावर ती डबे भरत होती, कचरा वेगळा करत होती, कपडे वाळत घालत होती. असे दोन महिने गेले.

"तुला कुणी सांगितलं?"

"मी गेले होते ना बाबांबरोबर, बाळाला पोचवायला. रेखामावशी घरी नव्हती. बाबा म्हणाले, आईला सांगू नकोस, तिला बरं नाहीये." ओवीने आईकडे पाहिलं. "आता तुला बरं आहे ना?"

नुपूरने मान हलवली. हो की नाही, ते तिचं तिलाही कळलं नाही.

"पेटी एवढीच होती," ओवीने हात पसरून दाखवलं. "बाबांनी बाळाला पिवळा स्वेटर उलटा घातला होता. बटणं पाठीकडे. मी म्हटलं, बाबा, असं नसतं. मग आम्ही सरळ केला."

तो स्वेटर नुपूरने विणला होता. तो कपाटातच असेल, असं ती धरून चालली होती. कपाटाचा तो खण तिने उघडलाच नव्हता.

मुलं पुढच्या चित्राची वाट पाहत होती. कुणीतरी पुस्तकाचा कोपरा ओढला. नुपूरने तो सोडवून घेतला.

"सगळी बटणं लागली का गं?" तिने हळू विचारलं.

"वरचं लागत नव्हतं. बाबांना जमेना," ओवी म्हणाली. "ते मी लावलं."