कापडी गाडीची ट्रायल

आईला मोठी गाडी हवी होती. चालवणार तीच. बाबा म्हणत होते, आपल्या जागेत ती मावणार नाही. इमारतीखाली आमच्या वाट्याला आलेल्या जागेच्या एका कडेला भलामोठा खांब आहे.

बाबा शिंपी. वाद घालण्यापेक्षा ट्रायल घ्यावी, हा त्यांचा स्वभाव. त्यांनी माहितीपत्रकातून मापं उतरवली, लांबी साडेचार मीटर, रुंदी एक मीटर ऐंशी, आणि उरलेल्या पडद्याच्या कापडातून गाडी शिवली. रविवारी आम्ही तिच्यात शिरलो. पुढे आई-बाबा, मागे ताई आणि मी. चौघं चार चाकं.

फाटकाशी वॉचमनने विचारलं, "कोणाकडे?"

"स्वतःकडेच," बाबा म्हणाले.

"बाबा, आरसे कुठायत?" ताईने विचारलं.

बाबा थबकले. पत्रकातली रुंदी आरसे सोडून होती. "बाह्या राहिल्या," ते पुटपुटले. मग त्यांनी आणि आईने एकेक कोपर बाहेर काढलं. गाडी दोन मीटरची झाली.

वळताना मागचं चाक, म्हणजे मी, कुंडीत गेलो.

"अगं, मागचं चाक आत येतं. जरा पुढे जाऊन वळ की," बाबा म्हणाले.

दुसऱ्या खेपेला वळलो आणि जागेत शिरलो. खांब आईच्या बाजूला आला.

"मावली," आई म्हणाली.

"मावली. आता उतरून दाखव."

आईने दार म्हणून हात फाकवला. तो खांबावर आपटला.

"म्हणजे तू कायमची आत," बाबा म्हणाले. "डबा खिडकीतून देत जाऊ."

आईने क्षणभर विचार केला. "चला, सगळे बाहेर. आता उलटं शिरायचं."

चौघं उलटे चालत आत गेलो. आता खांब बाबांच्या बाजूला. आई दार उघडून ऐटीत उतरली. बाबा खांबाला नाक लावून आतच.

"आणि मी?"

"तुम्ही फाटकाशी उतरायचं. नाहीतर मला 'येऊ दे, येऊ दे' कोण म्हणणार?"

बाबांचा चेहरा हळूहळू खुलला. असं पद त्यांना आजवर कुणी दिलं नव्हतं.

मोठी गाडी आली. बाबा रोज फाटकाशी उतरतात, गाडीच्या मागे उभे राहतात आणि दोन्ही हातांनी तिला आत घेतात. "येऊ दे, येऊ दे, बास." हल्ली शेजाऱ्यांच्या गाड्याही घेतात.

गाडीला मागे कॅमेरा आहे, हे आईने त्यांना अजून सांगितलेलं नाही.